पुसलेलं वाचणारे आबा

शेळगावात हिंदुराव आबांच्या नावानं एक म्हण चालायची. आबा ट्रॉली बघून टन सांगतात आणि तोंड बघून मन.

म्हणीच्या पहिल्या अर्ध्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. आबांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची ट्रॉली वळणावर दिसली, की ती काट्यावर चढायच्या आधीच आबा आकडा सांगायचे आणि काटा बिचारा त्यांच्या शब्दाला जागायचा. म्हणीचा दुसरा अर्धा मात्र सगळा मोबाईलच्या जिवावर उभा होता. ही गोष्ट आपल्याखेरीज फक्त बारामतीच्या सुयोगला ठाऊक आहे, असा आबांचा समज होता.

त्याचं असं झालं. मुलानं, म्हणजे ऋषिराजनं, नवा मोबाईल घेतला आणि जुना वडिलांना दिला. जुना मोबाईल वडिलांना देणं ही हल्ली पितृसेवाच समजली जाते. तो मोबाईल इतका संथ होता की सकाळी दाबलेलं बटण जेवणाच्या वेळी लागायचं. आबा तो घेऊन सुयोगच्या दुकानात गेले. सुयोगनं मोबाईलच्या आतली सगळी यंत्रणा काढून भलतीच बसवली. आबांना समजावं म्हणून तो म्हणाला, "आबा, ट्रॅक्टरचं बॉनेट तेच ठिवलंय, आत इंजिन दुसरं घातलंय." आणि मिसळीवर शेव टाकावी तसं त्यानं वर एक व्हॉट्सअ‍ॅपही टाकून दिलं. दिसायला जगासारखंच, पण मूळ कंपनीचं नव्हे. कुणीतरी फेरफार करून सोडलेलं. लिहिणाऱ्यानं मेसेज पुसला, तर बाकीच्यांच्या मोबाईलवर 'हा मेसेज काढून टाकला आहे' एवढंच उरायचं. आबांच्या मोबाईलवर मात्र पुसलेलं जसंच्या तसं दिसायचं.

माणूस जे लिहून ठेवतो त्यात त्याचं शहाणपण असतं आणि जे पुसतो त्यात त्याचं मन असतं, हे ज्ञान आबांना साठी उलटल्यावर झालं. भावकीच्या ग्रुपवर सकाळी सगळे फुलांची चित्रं पाठवायचे. खरा मजकूर पुसलेला असायचा. एकदा चुलतभाऊ रावजीनं लिहिलं, 'बांध कुणी कोरला ते समद्यांना ठावं हाय', आणि लगेच पुसलं. दुसऱ्या दिवशी आबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रावजी, बांधाचं मनात ठिवू नगं. बसून बोलू." रावजीचे डोळे पाणावले. त्यानं आबांच्या पायाला हात लावला आणि गावभर सांगितलं, की आबांना न सांगता कळतं. तेव्हापासून सोयरीक असो, वाटणी असो, नाहीतर कुणी रुसून माहेरी गेलेली असो, माणसं आबांकडं यायला लागली. आबा डोळे मिटून ऐकायचे, "उद्या सांगतो" म्हणायचे आणि घरी जाऊन मोबाईल उघडायचे.

असा सगळा संसार सुरळीत चालला असताना नातीला स्थळ आलं.

नातीचं नाव छकुली. कागदोपत्री दुसरं होतं, पण ते कागदावरच राहिलं. पोरगी बारामती एमआयडीसीत एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुधात पाणी किती ते सांगायची. स्थळ कळंबचं. घरचं बागायत, माणसं सरळ, मुलगा शिवम दिसायला बरा. बनाबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, मोबाईलवर आलेला त्याचा फोटो दोन बोटांनी ताणून ताणून त्याचे कानसुद्धा तपासले.

"आन नोकरीला कुठं?" आबांनी विचारलं.

"बारामतीला. मोबाईल कंपनीत," ऋषिराज म्हणाला. "ज्या कंपनीचं आपलं समद्यांचं कार्ड हाय, त्याच."

आबांच्या तोंडातली सुपारी तिथंच थांबली.

सोयरीक जमायच्या आधी मुलाकडचे चौकशी करतात, ही रीतच आहे. पूर्वी पाहुणे चहाच्या टपरीवर बसून विचारायचे, घराणं कसं आहे, कुणाला काही नाद आहे का. टपरीवाला आपला होता, त्याची काळजी नव्हती. पण हा पाहुणा मोबाईल कंपनीतला. याला टपरीवर जायची गरजच काय? बारामतीत खुर्चीवर बसून तो आबांचा मोबाईल आतून बघणार. इंजिन बदललेलं बघणार. फेरफार केलेलं व्हॉट्सअ‍ॅप बघणार. आणि मग कळंबपासून इंदापूरपर्यंत बोभाटा होणार, की शेळगावचे हिंदुराव मन ओळखत नाहीत, चोरून वाचतात.

आबांनी ही शंका शेजारच्या जोतीराम तात्याजवळ काढली. अर्थात स्वतःचं नाव न घेता.

"तात्या, एका माणसाच्या मोबाईलची आतली यंत्रणा बदललेली हाय समज. तर ते कार्डाच्या कंपनीला कळतं का रं?"

जोतीराम तात्याचा नियम असा होता, की विचारलेल्या प्रश्नाला माहिती नाही म्हणायचं नाही. "कळतं म्हंजे? ट्रॅक्टरचं इंजिन बदललं तर आरटीओला कळवाय लागतं का न्हाय? मग ही तर मोबाईल कंपनी. तिला टॉवरवरनं समदं दिसतं. टॉवर एवढा उंच कशापायी बांधतात मग?"

या युक्तिवादाला तोड नव्हती.

"मग त्या माणसानं करावं काय?"

"मोबाईल फ्लाईट मोडवर टाकायचा, स्टीलच्या डब्यात घालायचा आन डबा धान्यात पुरायचा. टॉवरची नजर स्टीलातनं जात न्हाय." मग जरा थांबून तात्यानं विचारलं, "कोण हाय हो त्यो माणूस?"

"हाय एक. कारखान्यावरचा."

घरी येऊन आबांनी मोबाईल लाडवाच्या डब्यात घातला आणि डबा ज्वारीच्या कणगीत ढकलला. जिवाला जरा स्वस्थ वाटलं. ते फार टिकलं नाही. आबांच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला. त्या पेटीतही एक कार्ड असतं. आबांनी फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद, आणि काही कमी-जास्त झालं की पेटीच आबांना फोन करते. त्या सकाळी आबा मोटार चालू करून आले होते. पेटी दिवसभर फोन करत राहिली. आबा ज्वारीत होते. म्हणजे त्यांचा फोन होता.

दुपार कलल्यावर बांधावरून तात्याची आरोळी आली. "आबाऽ! मोटार बंद करा! माझं कांद्याचं रोप पार पवाय लागलं!"

आबा धावत कणगीपाशी गेले. कणगीत कोपरापर्यंत हात घालून घरधनी काय शोधतोय, हे बघायला बनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या. ज्वारीतून लाडवाचा डबा निघाला, डब्यातून मोबाईल निघाला.

"अहो, लाडू कुठं गेलं?"

"खाल्लं."

"समदं?"

मोठी लपवाछपवी करताना माणसाला बारीक-सारीक गुन्हे पदरात घ्यावेच लागतात. लाडू खरं तर आबांनी उशीखाली ठेवले होते. पण ते सांगायचं तर डबा कशाला रिकामा केला तेही सांगावं लागलं असतं. संध्याकाळी जेवणात त्यांना ताकभात मिळाला. लाडू पचले पाहिजेत म्हणून.

तात्याच्या रोपाचा चिखल झाला होता. तो कुणाच्या सल्ल्यानं झाला, हे आबांना त्याला सांगता येईना. हे दुःख त्यांना चिखलापेक्षा जास्त बोचलं.

मग आबांनी ठरवलं, की ऐकीव गोष्टींवर जगण्यात अर्थ नाही. सरळ कंपनीलाच विचारावं. सकाळच्या एस.टी.नं ते बारामतीला गेले. कंपनीच्या दालनाला काचेचं दार, आत गारवा, आणि दारात टोकन देणारं यंत्र. यंत्रावर चार बटणं: नवीन कार्ड, रिचार्ज, बिल, तक्रार. आबांची होती शंका. शंकेला बटण नव्हतं. मागं रांग वाढायला लागली, तसं एका माणसानं आबांच्या बगलेतून हात घालून 'तक्रार' दाबलं. आपल्या देशात शंकेची तक्रार होते ती अशीच.

खिडकीवर प्रगती नावाची मुलगी होती. नाव गळ्यातल्या पट्ट्यावर लिहिलेलं.

"बोला काका, काय तक्रार आहे?"

"तक्रार न्हाय. विचारायचं होतं. एका मित्राचा मोबाईल हाय. आत जरा फेरफार केलेला. आन एक-दोन अ‍ॅप. तर ते तुमाला हितनं दिसतं का?"

"मित्राला घेऊन या."

"त्यो आजारी हाय."

"अरेरे. काय होतंय त्यांना?"

"भीती वाटती."

प्रगतीनं डोळे वर केले. मुलीच्या जातीला काही गोष्टी लवकर कळतात. ती हसली नाही, हे तिचे उपकार. "काका, त्यांचा नंबर सांगा. नंबर घातल्याशिवाय स्क्रीन पुढं जात नाही."

"नंबर न देता नुसतं तोंडी सांगा की."

"मला तोंडी काही करता येत नाही. मागं साहेब आहेत, ते बघतात मी किती टोकन संपवली."

आबांनी मित्राचा नंबर सांगितला. क्षणात आबांच्या खिशात मोबाईल वाजला आणि तिनं विचारलं, "ओटीपी आला ना?" आबांनी मित्राच्या खिशातून, म्हणजे स्वतःच्या, मोबाईल काढून आकडे वाचून दाखवले. यापुढं मित्राचा विषय दोघांनीही काढला नाही.

तिनं स्क्रीनवर शंकेसाठी जागा शोधली. बिल जास्त आलं, आवाज तुटतो, कार्ड हरवलं, नेटवर्क नाही. 'भीती वाटते' कुठंच नव्हतं. "यातलं एक निवडल्याशिवाय टोकन बंद होत नाही हो काका. 'नेटवर्क नाही' टाकते. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही."

"पर माझ्या प्रश्नाचं काय?"

"वरचे लोक सांगतील."

आबा बाहेर आले, तेवढ्यात मेसेज आला. 'आपली तक्रार नोंदवली आहे. आमचे प्रतिनिधी आपल्या पत्त्यावर लवकरच भेट देतील.'

आबा फुटपाथवरच थांबले. चोरानं पोलीस ठाण्यात जाऊन, चोरी केली तर तुम्हाला कळतं का, असं विचारावं आणि ठाण्यानं म्हणावं, घरी येऊन सांगतो, त्यातली गत. ते तसेच तरातरा सुयोगच्या दुकानात गेले.

"सुयोग, पयलं इंजिन परत घाल."

"का हो आबा? बिघडलं का काय?"

"बिघडलं न्हाय. तेच तर बिघडलंय. आन ते तुझं व्हॉट्सअ‍ॅप काढ, चांगलं कंपनीचं घाल."

"पुसलेलं दिसायचं न्हाय मग."

आबांनी दुकानाच्या छताकडं बघितलं. गावात लोकांनी दिलेला मान, पारावरची जागा, रावजीचे पाणावलेले डोळे, सगळं एका बटणावर येऊन थांबलं होतं. "न्हाय दिसलं तर न्हाय दिसलं," ते म्हणाले. आवाज दाढ उपटायला बसलेल्या माणसाचा होता.

मोबाईल पुन्हा सरळ झाला आणि पुन्हा संथ झाला. ग्रुपवर आता आबांनाही सगळ्यांसारखंच दिसायला लागलं: फूल, फूल, फूल, 'हा मेसेज काढून टाकला आहे', फूल. रावजीनं दोनदा काहीतरी लिहून पुसलं. आबा त्या ओळीवर बोट ठेवून बसले, जणू बोटाला वाचता येईल. एक बाई सासू-सुनेचं भांडण घेऊन आली, तर आबा म्हणाले, "बघू." ती म्हणाली, "आबा, तुमी 'बघू' म्हणाला म्हंजे लईच अवघड दिसतंय," आणि घाबरून घरी जाऊन सुनेशी गोड बोलायला लागली. म्हणजे अजून जुन्या पुण्याईवर चाललं होतं. पण किती दिवस?

कळंबची मंडळी रविवारी यायची होती. शुक्रवारी छकुलीला डेअरीतून सुट्टी होती. ती डोक्याला तेल चोपून, केस वर बांधून, ओटा धूत होती. इतक्यात एक जण मोटारसायकलवरून आला. हेल्मेट, पाठीला पिशवी, पायात चिखलाचे बूट. अंगणात उभा राहून त्यानं मोबाईल वर धरला आणि घराभोवती फिरायला लागला. आबांनी खिडकीतून बघितलं आणि ओळखलं. प्रतिनिधी.

छकुलीला वाटलं, मोटारीच्या स्टार्टरवाला आला. "ओ, धुतलेल्यात कुठं नाचताय? बूट काढा पयलं! आन किती दिवस झालं बोलावून? परवा त्या तात्यांच्या कांद्यात तळं झालं तुमच्या पेटीपायी!"

त्यानं निमूट बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. छकुलीनं अंगठ्याकडं बघितलं, हसू दाबलं आणि तांब्या पुढं केला. "घ्या. उन्हातनं आलाय."

त्यानं पाणी प्यायला हेल्मेट काढलं. आतून बनाबाई डोकावल्या. त्यांनी त्या कानांचा चांगला अभ्यास केलेला होता. "अगं बया!" एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर सावरून आत पळाल्या. छकुलीनं आजीकडं बघितलं, पाहुण्याकडं बघितलं, स्वतःच्या तेलकट डोक्याला हात लावला आणि तीही आत पळाली. दार असं आपटलं की बाहेरचा पाहुणा एक पाऊल मागं सरला.

आबा बाहेर आले, तसा शिवम ओशाळून म्हणाला, "आबा, माफ करा. तक्रारीवर तुमचं नाव बघितलं तवाच मी दुसऱ्याला पाठवणार हुतो. पर दुसरा रजेवर हाय. तक्रार बंद न्हाय केली तर साहेब बोलतात. नेटवर्क तर चांगलं दिसतंय हितं."

आबांनी त्याला ओट्यावर बसवलं. समोर साक्षात कंपनी बसली होती. मोबाईल धुऊन-पुसून स्वच्छ झाला होता. आता भ्यायचं कारण नव्हतं. तरी जुनं भय सवयीनं उठलं.

"पाव्हणं, एक विचारू? तुमी कंपनीत बसून आमचा मोबाईल बघितला आसंल न्हवं?"

"मी? मी कशाला बघतोय?" शिवम म्हणाला. "मी टॉवरवर काम करतो आबा. मला बॅटरी दिसती, डिझेल दिसतं, आन वर चढलं की उजनीचं पाणी दिसतं."

"बरं, तुमाला न्हाय. पर कंपनीला?"

"कंपनीला मोबाईलचा आतला नंबर कळतो, त्यावरनं कुठल्या बनावटीचा हाय ते कळतं. कुठल्या टॉवरखाली हाय, किती डेटा गेला, कुठल्या दिशेला गेला, हे कळतं. आत यंत्रणा बदलली का, कुठली अ‍ॅप घातली, हे सरळ दिसत न्हाय. लईच कुणी मनावर घेतलं तर अंदाज बांधता येतो."

आबा विचारात पडले. मग म्हणाले, "म्हंजे कालव्यावरच्या पाटकऱ्यावाणी. कुठल्या दारातनं किती पाणी गेलं ते त्याला कळतं. रानात यून त्यो काय बघत न्हाय. पर पाणी लई गेलं तर समजतो, की ह्याचा ऊस हाय, ज्वारी न्हवं."

"आगदी!" शिवम खूश झाला. "हे आमच्या साहेबांना सांगतो मी."

म्हणजे कणगी फुकट, ताकभात फुकट, बारामतीची खेप फुकट, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपही फुकटच गेलं. आबांनी एक दीर्घ उसासा टाकला. पण माणसानं जखमेवरची खपली स्वतःच काढावी असा काही स्वभाव असतो. "आन ते फेरफार केलेलं व्हॉट्सअ‍ॅप आसतं म्हणं, पुसलेलं दाखवणारं. एका मित्राकडं हाय."

"ते मात्र काढाय सांगा मित्राला. कंपनीला दिसत न्हाय, पर ज्यानं ते बनवलं त्याला समदं वाचता येत आसंल. त्यो कोण, कुठला, कुणाला ठावं?"

आबांचा हात आधी खिशातल्या मोबाईलवर गेला आणि मग त्यांना त्या अज्ञात माणसाची दया आली. परदेशात कुठंतरी बसून त्यानं शेळगावच्या भावकीचं बांधाचं भांडण मुळापासून वाचलं असेल, तर त्याला व्हायची ती शिक्षा झालेलीच होती.

आतून पोहे आले. ते छकुलीनं आणायचे, अशी रीत. पण रीतीचा दिवस रविवार होता, म्हणून बनाबाईंनीच आणले. खिडकीच्या फटीतून कुणीतरी बघत होतं. शिवमनं बसल्या बसल्या पाय ओढून अंगठा दुसऱ्या पायाखाली लपवला. फटीतून हसू फुटल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

रविवारी कार्यक्रम झाला. दोन्हीकडच्यांनी पहिल्यांदाच भेटतोय असा चेहरा केला. मुलाच्या काकांनी छकुलीला विचारलं, "सैपाक येतो का?" ती म्हणाली, "येतो. तुमाला?" बायका हसल्या, शिवमनं मान खाली घातली. मोजे नवे होते. जाताना काका म्हणाले, "आमचं जमलं म्हणा. तुमचं उद्या सांजंपतूर कळवा. आणखी एका ठिकाणी जायचंय, ते थांबवाय पायजे."

घरात प्रश्न पडला. छकुलीला तिच्या आईनं विचारलं, तर "तुमी ठरवा." ऋषिराजनं विचारलं, तर "तुमी म्हणाल तसं." आजीनं विचारलं, तर "मला काय विचारती?" असं बोलणाऱ्या पोरीच्या मनात हो आहे की नाही, हे तिच्या जन्मदात्यांनाही कळेना. जबरदस्ती कुणालाच करायची नव्हती. मागं भावकीतली एक पोरगी असंच "तुमी ठरवा" म्हणाली होती. ठरवलं, आणि अजून ती हसलेली कुणी पाहिली नव्हती.

सोमवारी छकुली कामावर गेली. दुपारी घरच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. कुणी बघायच्या आत तिनं तो पुसला.

सगळे एकदम आबांकडं वळले. ऋषिराज रानातून तसाच आला. सून पिठाच्या हातांनी आली. बांध ओलांडून जोतीराम तात्याही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो तसाच येतो.

"आबा," ऋषिराज म्हणाला, "काय लिवलं आसंल हो तिनं? तुमाला कळलंच आसंल."

"आबांना न सांगता कळतं," तात्या म्हणाला. "सांगा आबा. व्हय का न्हाय?"

आबांनी मोबाईल बघितला. 'हा मेसेज काढून टाकला आहे.' जगासारखंच. त्या ओळीमागं त्यांच्या नातीचं सगळं आयुष्य उभं होतं आणि समोर चार माणसं तोंडाकडं बघत होती. एक शब्द बोलायचा अवकाश, तो ऋषिराजनं कळंबला कळवला असता. हो म्हणावं? पोरगी अंगठा बघून हसली होती; पण हसणं म्हणजे हो नव्हे. नाही म्हणावं? कशाच्या आधारावर? आबांनी आयुष्यभर ट्रॉलीचे आकडे तोंडी सांगितले होते खरे, पण काटा स्थिर झाल्याशिवाय पावती कधी फाडली नव्हती.

"सांगतो," म्हणून ते उठले, पायात चपला घातल्या आणि फाट्याकडं चालू लागले.

डेअरीची गाडी फाट्यावर थांबली. छकुली उतरली. आबांना बघून तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"आबा, तुमी का आलाय? कुणाला काय झालं?"

"कुणाला काय न्हाय. छकुले, तू दुपारी काय लिवलं हुतंस?"

ती थांबली. "म्हंजे? दिसलं न्हाय तुमाला?"

"कसं दिसंल? तू पुसलंस न्हवं."

"आवं, तुमाला दिसावं म्हणूनच पुसलं!" छकुली म्हणाली, आणि तिला रडावं की हसावं कळेना. "तुमाला पुसलेलं दिसतं, ते मला कवाचंच ठावं हाय. तुमचा चष्मा काच लावाय दिला हुता, तवा मोबाईल माझ्याकडंच हुता की. समद्यांच्या म्होरं बोलायची लाज वाटली. म्हणलं, लिवते आन पुसते, म्हंजे आबांना एकट्यांना कळंल. आन आबा त्यांच्या परीनं सांगतील."

आबा रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले. पोरगी सगळं जाणत होती. गावात आजोबाला लोक मान देताना ही शेजारी उभी असायची आणि एक शब्द बोलली नव्हती.

"ते काढलं मी, बाळ. माझा मोबाईल आता सरळमार्गी झालाय. तुला तोंडानंच सांगावं लागंल."

छकुलीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. उसाची एक ट्रॉली गाणी वाजवत गेली. मग रस्त्याच्या पलीकडं बघत म्हणाली, "चालंल मला. मोजा फाटका हाय, पर ओरडले तवा उलट बोलला न्हाय. बूट काढले."

"मनापासनं?"

"व्हय, आबा."

"आन मी विचारलं नसतं तर?"

"आता ते मी काय सांगू? तुमी कवा कुणाला काय विचारतच न्हाय."

आबांनी तिची पिशवी घेतली आणि दोघं घरी आली. अंगणात सगळे तसेच उभे होते. तात्या तर मघापेक्षा दोन पावलं पुढं आला होता.

"कळंबला फोन लाव," आबा ऋषिराजला म्हणाले. "पोरीला पसंत हाय."

छकुली आत पळाली, दार आपटलं, आणि त्या आवाजानं सगळ्यांचीच खात्री पटली. सुनेनं पिठाच्या हातांनीच डोळे पुसले. बनाबाई देवापुढं साखर ठेवायला गेल्या. जोतीराम तात्या मात्र आबांच्या जवळ सरकला.

"आबा, मेसेज तर पुसलेला. तुमाला कळलं कसं?"

"विचारलं," आबा म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे तिला विचारलं. फाट्यावर गेलो, तिला म्हणलं काय लिवलं हुतंस, आन तिनं सांगितलं."

तात्यानं मान हलवली आणि बांध ओलांडून निघाला. पलीकडं रावजी उभा होता. त्याला तात्या हळू आवाजात सांगत होता, पण तात्याचा हळू आवाज फाट्यापर्यंत ऐकू जातो.

"इचारलं म्हणतो! आरं, इचारून कुणाला कधी कळलंय व्हय? मोठी माणसं आपली विद्या अशी उघडी करत न्हाईत."

रावजीनं तिकडूनच हात जोडले.